फर्मेंटेशनला कंडेन्सेटचं पाणी: एका हंगामाचा अनुभव

नाशिक जिल्ह्यात, निफाडकडे, मळीवर चालणाऱ्या एका डिस्टिलरीत मी शिफ्ट केमिस्ट आहे. दसऱ्यापासून आम्ही स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारं सांडपाणी) आटवताना निघणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, पॉलिशिंग युनिटमधून (जिवाणूंकरवी ते शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून) काढून फर्मेंटेशनसाठी मळी पातळ करायला वापरतोय. आता हंगाम उरकत आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

वापरावं का? नक्की वापरावं. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, आणि त्यात बहुतेक पाणीच असतं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी जायकवाडीला किती सोडायचं यावरून इथे केवढं रान पेटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा भागात कारखान्याने धरणाचं ताजं पाणी कमी उचलणं मला फार मोलाचं वाटतं.

पण युनिट विकायला येणारे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) दाखवतात, तिथे फसू नका. कंडेन्सेट दिसायला नळाच्या पाण्यासारखं नितळ, टीडीएसही कमी. कारण क्षार खाली राबडीतच राहतात. वाफेबरोबर वर येतात ती अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही उडणारी (व्होलाटाइल) आम्लं. बाटली उघडली की आंबूस वास येतो तो त्यांचाच. वॉशचा, म्हणजे आंबत असलेल्या पातळ मळीचा, पीएच साधारण साडेचारला असतो. अ‍ॅसेटिकचा पीके (ज्या पीएचला निम्मं आम्ल आयनांत फुटतं तो आकडा) ४.७६, म्हणजे इथे निम्म्याहून जास्त आम्ल अविघटित, न फुटलेलं असतं आणि तेच यीस्टच्या पेशीत सहज शिरतं. आत गेल्यावर ते विघटित होतं, आणि आतला आम्लपणा बाहेर फेकण्यात यीस्टची ताकद खर्च होते.

दुरुस्तीसाठी पॉलिशिंग बंद होतं, तेव्हा काही बॅचला थेट कंडेन्सेट गेलं. मिथिलीन ब्लू टाकून स्लाइड पाहिली तर निळ्या, म्हणजे मेलेल्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, आणि कळ्या धरलेल्या पेशी शोधाव्या लागत होत्या. फर्मेंटर रेंगाळले, साखर शिल्लक राहिली. त्यानंतर मी प्रत्येक शिफ्टला व्होलाटाइल आम्लाची टेस्ट लावली. लॅबवाल्यांची कुरकुर झाली, पण तो आकडा चढला की ताज्या पाण्याचं प्रमाण वाढवता येतं. बॅच हातची जात नाही.

निफाडची थंडी हा वेगळाच विषय. युनिटमधल्या अनएरोबिक (हवेशिवाय जगणाऱ्या), आम्लं पचवणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते. जानेवारीत टाकी गार पडली की आम्लं पचत नाहीत, तशीच पुढे येतात. कंडेन्सेट मुळात गरम येतं, त्यामुळे थंडीत ते टाकीत सोडण्याआधी कमी गार करायचं. एवढ्यानेच आमचा बराच फरक पडला.

कच्चा स्पेंटवॉश थेट परत फिरवण्याचा सल्लाही मिळतो. त्याची गोष्ट निराळी. त्यात पोटॅश आणि इतर क्षार असतात, फेऱ्यागणिक साठत जातात आणि यीस्टवर ताण येतो. थोड्या प्रमाणात चालतं, कंडेन्सेटइतकं नाही.

नवीन युनिट घेत असाल तर करारात टीडीएस आणि सीओडीबरोबर (सीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या व्होलाटाइल आम्लाची कमाल मर्यादाही लिहून घ्या, आणि ती जानेवारीतल्या चाचणीवर मोजली जाईल असं नमूद करा.