ट्रेलर जोडला की ट्रक ओढत नाही: कोड वाचावेत, लोडवर रेकॉर्डिंग घ्यावं की गेज लावावा?

रिकामा असताना ट्रक मस्त पळतो. ट्रेलर जोडून चढाला लागलं, की पॅडल तळाला टेकलं तरी वेग उतरत जातो. या तक्रारीवर निदानाचे तीन मार्ग आहेत: इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड स्कॅनरने वाचणं, ट्रेलरसकट चालवताना सेन्सरचे आकडे रेकॉर्ड करणं आणि गेज जोडून दाब प्रत्यक्ष मोजणं. अंदाजाने एकेक भाग बदलत जाणं हा चौथा मार्ग. तोच सर्रास वापरला जातो आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात महागात पडतो. माझं मत आधीच सांगतो: दोष लोडवरच, म्हणजे वजन ओढतानाच, दिसत असेल, तर मोजमापही लोडवरच व्हायला हवं. खालची तुलना याच कसोटीवर केली आहे.

यंत्र लावण्याआधी

ताकद खरंच कमी झाली आहे का, हे आधी ठरवा. ट्रक आणि ट्रेलर मिळून १० टन वजन असेल, चढ ६ टक्के असेल आणि वेग ताशी ६० किलोमीटर हवा असेल, तर ते वजन वर चढवायलाच सुमारे ९८ किलोवॅट, म्हणजे साधारण १३० हॉर्सपॉवर लागतात. त्याच चढावर ताशी ९० हवे असतील तर १४७ किलोवॅट. टायरचा आणि हवेचा विरोध याशिवाय. त्यामुळे दीडशे किलोवॅटचं ठणठणीत इंजिनही तिथे नव्वदचा वेग टिकवू शकणार नाही. तुलना करायची ती आपल्याच ट्रकच्या जुन्या कामगिरीशी: तोच चढ, तेच वजन, तोच गिअर.

उंचीचाही हिशेब धरा. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं, आणि तो दोष नव्हे. टर्बो असलेलं इंजिन ही तूट बरीचशी भरून काढतं. म्हणून टर्बोचा ट्रक उंचावर फारच लंगडा पडत असेल, तर टर्बोकडून येणारी हवा कुठे गळते का, ते पाहायलाच हवं.

आता आरपीएमकडे लक्ष द्या. आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, असं असेल तर इंजिन ताकद देतंय आणि ती वाटेत हरवतेय. क्लच प्लेट घसरतेय किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होतोय. आरपीएम आणि वेग दोन्ही एकत्र पडत असतील, तर इंजिन कमी पडतंय किंवा काहीतरी गाडी धरून ठेवतंय. सपाटीवर काही अंतर, शक्यतो ब्रेक न लावता, चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक चाकाच्या हबचं तापमान घ्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल, तर तिथला ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग जातंय. ट्रेलरची चाकं तपासायची राहून जातात, आणि बिचाऱ्या इंजिनाला दोष लागतो.

कोड वाचणं

काही मिनिटांत होणारं काम. गाडी चढावर अचानक मेली आणि इंजिन बंद करून चालू केल्यावर पुन्हा नीट झाली, तर ती लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला कॉम्प्युटर ताकद कापतो ती अवस्था) गेली असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा सुरुवात कोडपासूनच करावी. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्या. कोड पडला त्या क्षणीचा आरपीएम, लोड आणि तापमान त्यात जपलेलं असतं, आणि कोड पुसला की तेही जातं.

मर्यादा दोन. एक म्हणजे कोड लक्षण सांगतो, गुन्हेगार नाही. पी ०२९९ म्हणजे बूस्ट, टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी पडतोय. त्यामागे फाटका होज, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) किंवा खुद्द टर्बो, काहीही असू शकतं. पी ००८७ म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) इंधनाचा दाब कमी. पंप, फिल्टर, टाकीतून इंधन ओढणारी सक्शन लाइन, सगळे संशयित. दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. कॉम्प्युटरची ठरलेली हद्द ओलांडल्याशिवाय कोड पडतच नाही. अर्धवट चोंदलेला डिझेल फिल्टर ताकद खात राहील आणि स्कॅनर ‘दोष नाही’ म्हणेल. त्या उत्तरावर विश्वास ठेवून गप्प बसू नका.

लोडवर रेकॉर्डिंग

माझा भर याच्यावर आहे, कारण दोष जिथे घडतो तिथेच पकडण्याचा हा मार्ग आहे.

निवडक सहा-सात आकडेच घ्या. जास्त निवडले तर गाडीच्या सॉकेटला लावायचा स्वस्त अडॅप्टर मंदावतो आणि नेमका पडलेला दाब दोन नोंदींच्या मधे निसटतो. डिझेलसाठी आरपीएम, पॅडलची टक्केवारी, बूस्ट कॉम्प्युटरला हवा किती आणि आहे किती, रेल प्रेशर हवं किती आणि आहे किती, कूलंटचं तापमान. निघण्याआधी चावी ऑन ठेवून, इंजिन बंद असताना, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब जुळतात का ते पाहा. समुद्रसपाटीला दोन्ही १०० किलोपास्कलच्या आसपास हवेत. जुळत नसतील तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. मग ट्रेलर जोडून ओळखीच्या चढावर, एकच गिअर धरून, पूर्ण पॅडल. चालवणारा फक्त रस्ता बघेल, आकडे नंतर थांबून वाचायचे.

रेल प्रेशर मागणीइतकं टिकतंय आणि बूस्ट मागे पडतोय, तर हवेची बाजू बघा: होज, क्लॅम्प, इंटरकूलर, टर्बोच्या अडकलेल्या पात्या, उघडा राहिलेला ईजीआर. बूस्ट ठीक आहे आणि रेल प्रेशर पडतंय, तर इंधनाची बाजू. सुरुवातीला दाब नीट येऊन काही सेकंदांनी घसरत गेला, तर पुरवठा तोकडा पडतोय: फिल्टर, हवा धरणारी लाइन, टाकीचा बंद झालेला व्हेंट (हवा आत घेणारं भोक) किंवा टाकीतून इंधन पाठवणारा लिफ्ट पंप.

दोन्ही पडत असतील तर आधी कोण पडलं ते पाहा. इंधन कमी झालं की एक्झॉस्टमधली ऊर्जा घटते, टर्बो मंदावतो आणि त्यामागोमाग बूस्टही उतरतो. आलेखावर हा क्रम स्पष्ट दिसतो. नुसता बूस्टचा आकडा पाहणारा इथे टर्बो बदलून मोकळा होतो, आणि ट्रक होता तसाच राहतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात. आहे तो बूस्ट आणि मागितलेला बूस्ट बरोबर जुळतात, पण मागणीचा आकडाच खाली आलाय. म्हणजे कॉम्प्युटर मुद्दाम ताकद कापतोय. कूलंट किंवा गिअरबॉक्स तापला असेल, धूर स्वच्छ करणारी युरियाची यंत्रणा तक्रार करत असेल, किंवा पॅडल पूर्ण दाबूनही सेन्सर शंभर टक्के दाखवत नसेल. इथे पाना हातात घेण्याआधी ताकद कापण्याचं कारण शोधायचं.

पेट्रोल इंजिनात पूर्ण पॅडलवर मिश्रण पातळ पडतंय का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय का, हे मुख्य. पातळ पडत असेल तर पंप थकलाय, फिल्टर चोंदलाय, किंवा मळलेला एअर मास सेन्सर येणारी हवा कमी सांगतोय.

गेज आणि प्रत्यक्ष चाचण्या

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला वाचायला सेन्सरच नाहीत, तिथे गेजला पर्याय नाही. अनेक मोठ्या ट्रकांचा सॉकेट आणि प्रोटोकॉल वेगळा असतो, मोटारीचा अडॅप्टर तिथे चालत नाही. रेकॉर्डिंगने बाजू ठरल्यावर नेमकी जागा शोधायलाही शेवटी गेजच लागतो. सक्शन लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की हवेचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज बसवून एक्झॉस्टचा मागचा दाब मोजता येतो. पेट्रोल इंजिनात २५०० आरपीएमला तो साधारण ०.२ बारच्या वर जात असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर चोंदलेला असण्याचा संशय घ्यावा. पेट्रोलची दाबाची नळी मात्र केबिनमध्ये कधीही आणू नका, गेज काचेच्या बाहेरून बांधा.

इथली अडचण अशी, की गेज लावून उभ्या गाडीला रेस दिली जाते. लोड नसताना टर्बो पूर्ण बूस्ट बनवतच नाही, त्यामुळे दाबाखालीच उघडणारी होजची चीर बंदच राहते. होजच्या जोडावर ताज्या तेलाचा ओघळ दिसला, तर तिथे आधी हात घाला.

धुराचा जुना नियम अजून कामाचा आहे: ताकद नाही आणि धूर काळा, तर हवा कमी. ताकद नाही आणि धूरही नाही, तर इंधन कमी. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बसवलेल्या गाडीत मात्र काजळी आतच अडकते, तिथे हा नियम लावू नका.

भाग बदलणं

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर यांची मुदत झाली असेल तर बेलाशक बदला. त्यापुढे मोजल्याशिवाय काहीही नाही. विशेषतः टर्बो. फाटक्या होजमुळे बूस्ट गळत असेल तर टर्बो ती तूट भरायला जास्त वेगाने फिरत राहतो. होज तसाच ठेवून बसवलेल्या नव्या टर्बोवरही तोच ताण येतो.

मग काय निवडावं

अचानक ताकद गेली तर कोड. हळूहळू कमी होत गेली आणि गाडी सेन्सरवाली आहे, तर लोडवर रेकॉर्डिंग. जुनी मेकॅनिकल गाडी असेल तर गेज, तोही चालत्या गाडीत दिसेल असा. वर्कशॉपमध्ये देणार असाल तर ट्रेलर सोबत न्या आणि लोडवरचा आलेख मागा. रिकाम्या फेरीवरून ‘सगळं ठीक आहे’ असं सांगितलं, तर ते ऐकून घ्यायचं कारण नाही.

चाचणी करताना कूलंटचा काटा लाल पट्ट्याकडे गेला, तर चढ अर्ध्यावर सोडून सुरक्षित जागी थांबा. दुरुस्ती झाल्यावर तोच चढ, तेच वजन, तोच गिअर घेऊन पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. बूस्ट आणि रेल प्रेशर आता मागणीला चिकटून चालत असतील, तरच बिलावर सही करा.