परदेशी निघालेल्यानं आधी कोणता सिनेमा बघावा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं मास्टर्सला जर्मनी-अमेरिकेला निघाली की घरात चटण्या-मसाल्यांची बांधाबांध सुरू होते. मनाची तयारी राहूनच जाते. त्यासाठी बघण्यासारखे सिनेमे आहेत, पण सगळे सगळ्यांच्या उपयोगाचे नाहीत.

इंग्रजीची धास्ती असेल तर ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२). न्यूयॉर्कच्या कॅफेत ऑर्डर देताना शशी गोडबोलेची तारांबळ उडते, तो प्रसंग निघण्याआधीच बघून ठेवावा. घरी मराठी, बसच्या पाटीवर कानडी अशात वाढलेल्यांना आणखी एका भाषेचं ओझं वाटत नाही. चारचौघांत चुकायची लाज वाटते, आणि ती हा सिनेमा घालवतो. मात्र शशी भाचीच्या लग्नापुरती गेलेली, बहीण तिथंच. एकट्यानं राहणं काय असतं, ते यात नाही.

ते ‘ब्रुकलिन’मध्ये (२०१५) आहे, आणि माझं मत त्यालाच. १९५०च्या दशकात आयर्लंडमधल्या छोट्या गावातली आयलिश एकटी अमेरिकेला जाते. दुकानात गिऱ्हाइकांसमोर हसायचं, खोलीवर येऊन बहिणीची पत्रं वाचत रडायचं. तिची भाषा इंग्रजीच, तरी करमत नाही. मग पाद्री तिला रात्रीच्या हिशेबनिशीच्या वर्गात घालतो. इटालियन मित्राच्या घरी जेवायला जाण्याआधी ती मैत्रिणींकडून स्पॅगेटी खायला शिकते. माणूस रुळतो तो असा बारीकसारीक गोष्टींतून. नंतर ती गावी परतते तेव्हा गावच तिला धरून ठेवू बघतं. सुट्टीला येणाऱ्यांनी हा भाग नीट बघावा. उच्चार आयरिश आहेत, सबटायटल्स लावा. पोचल्यावर महिन्याभरानं बघितलात तर जास्त भिडेल.

‘द नेमसेक’ (२००६) मोठा सिनेमा आहे, पण निघायच्या आठवड्यात नको. कोलकात्याची आशिमा अमेरिकेत कॉर्नफ्लेक्ससारख्या सीरियलमध्ये शेंगदाणे, तिखट घालून खाते, इथवर हसू येतं. पुढं वडील गेल्याची बातमी दूरदेशी येते, आणि ते आई-बाबांच्या शेजारी बसून बघवत नाही. कायमचं स्थायिक व्हायचं ठरवलेल्यांनी मात्र चुकवू नये. परक्या देशात वाढणाऱ्या मुलाचं नाव, घर, लग्न यांतली ओढाताण त्यात आहे.

बायकामुलांसह निघाला असाल तर ‘मिनारी’ (२०२०) बघा. त्यातली कोरियन आजी लेकीकडं येताना तिखटाची पिशवी घेऊनच येते.