कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर की बारा बोअरची दुनाळी?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शस्त्राचे नवल नाही. दसऱ्याला तलवारीशेजारी दुनाळी बंदूक मांडून तिची पूजा करणारी कुटुंबे शहराच्या लष्कर नावाच्या भागात आजही आहेत, आणि पलीकडे भिंड-मुरैन्यात तर खांद्यावरची बंदूक प्रतिष्ठेची खूण समजली जाते. म्हणूनच परवाना मिळालेला माणूस शस्त्र निवडताना शेजाऱ्याकडे काय आहे ते पाहतो. आपले घर कसे आहे, घरात कोण राहते, याचा विचार मागे पडतो. आमच्याकडे वडिलोपार्जित बारा बोअरची, म्हणजे छर्ऱ्यांची, दुनाळी आहे आणि नंतर घेतलेले कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ (हा आकडा नळीच्या मापाचा) रिव्हॉल्व्हरही आहे, त्यामुळे दोन्हींची पारख वापरून झालेली आहे.

रिव्हॉल्व्हरची मूळ रचना वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीची आहे. ते वरून उघडते, काडतुसांची सहाही घरे एकदम डोळ्यांसमोर येतात आणि काडतुसे एकाच हालचालीत वर उचलली जातात. शस्त्र रिकामे आहे की नाही याबद्दल शंका उरू न देणारी ही सोय मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटते. दोष चापाचा आहे. घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, आधी मागे न ओढता गोळी झाडायची म्हटली तर चाप इतका जड लागतो की नवख्याचा हात हलतो, आणि नळी आखूड असल्याने ती चूक निशाण्यावर लगेच दिसते. म्हणजे नियमित सराव करणाऱ्यालाच हे शस्त्र उपयोगी आहे; कपाटात ठेवून निर्धास्त होणाऱ्याला त्याचा काहीही आधार नाही. काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची मिळतात, मात्र परवान्यावरील मर्यादा लक्षात घेऊन सरावाचा हिशेब आधीच करावा लागतो.

गावाबाहेर, शेतावर राहणाऱ्यांनी दुनाळीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोनच काडतुसे, उघडताच दिसणाऱ्या दोन नळ्या, आणि खांद्याला दस्ता टेकल्यावर मिळणारी स्थिरता यांमुळे घाबरलेल्या क्षणीही ती हाताळता येते. वाड्याच्या अरुंद जिन्यात आणि बोळात मात्र तिची लांबी अडचणीची ठरते. बंगालमधील इछापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल आमच्याकडे अनेकजण हौसेने घेतात. दाट वस्तीसाठी ती मी कोणालाही सुचवणार नाही, कारण चुकलेली गोळी किंवा भिंत भेदून गेलेली गोळी दूरवरच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

कायद्यानेही निवड मोजूनमापून करायला लावली आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला सामान्यतः दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. त्याच दुरुस्तीने आनंदाच्या भरात, इतरांच्या जिवाला धोका होईल अशा प्रकारे गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. आपल्या भागातील वराती पाहता ही तरतूद अत्यंत आवश्यक होती. त्याआधी, २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही आले. ते प्रमाणपत्रापुरते न उरकता घरातील इतर मोठ्या माणसांनाही निदान एवढे समजावून सांगावे, की शस्त्र दिसले तरी त्याला हात लावायचा नाही.

किमतीची घासाघीस करण्याआधी भिंतीत बसवलेल्या लोखंडी तिजोरीची तरतूद करावी. शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत असावीत आणि किल्ल्या परवानाधारकाजवळच असाव्यात. शस्त्र हातात देण्यापूर्वी ते स्वतः उघडून रिकामे असल्याचे दाखवणारा, आणि "घरात लहान मुले आहेत का?" असे आपणहून विचारणारा परवानाधारक विक्रेता निवडावा, तो चार पैसे जास्त घेत असला तरी मी त्याच्याकडूनच खरेदी करीन.