साठ टनांचा नग दुर्गम साइटवर: ट्रेलर, हेलिकॉप्टर की एअरशिप?

तळोज्याच्या कारखान्यातून साठ टनांचा एकसंध नग लडाखला पाठवायचा म्हटलं, की मीटिंगमध्ये कुणीतरी एअरशिपचा, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या अवाढव्य हवाई जहाजाचा, विषय काढतंच. फ्रान्सच्या फ्लाइंग व्हेल्स कंपनीचा आराखडा आहेच तसा भुरळ घालणारा: २०० मीटर लांबी, पोटात हेलियम, ६० टन माल. उतरायचंही नाही, अधांतरी थांबून विंचने नग खाली सोडायचा. फक्त ती अजून उडालेली नाही.

मल्टी-अ‍ॅक्सल ट्रेलरला वजनाचं वावडं नाही, दोनशे टनही जातात. घोडं अडतं ते मापांवर. रात्री कळंबोलीला असा ट्रेलर वळताना बघा: एक ऑपरेटर चालत चालत मागचे अ‍ॅक्सल वळवतोय, दुसरा काठीने वायरी उचलून धरतोय, मागे हॉर्नचा कल्लोळ. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा ऑटोक्लेव्ह (उच्च दाबाची अजस्र भट्टी) जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघाला तो वर्षभराने तिरुवनंतपुरमला पोचला. लॉकडाउन मध्ये आला हे खरं, पण झाडं, तारा आणि अरुंद रस्त्यांनीही जीव खाल्ला. आणि त्याचं वजन होतं सुमारे ७० टन. म्हणजे फ्रेंच एअरशिप तयार असती तरी तिने हात टेकले असते!

हेलिकॉप्टरचं गणित सोपं. जगातलं सर्वांत दणकट एमआय-२६ साधारण २० टन उचलतं, चिनूक दहाच्या आसपास. बेलापूरच्या कोकण रेल्वेच्या जम्मू-काश्मीरमधल्या कामासाठी हवाई दलाच्या एमआय-२६ ने यंत्रं वाहिली होती, पण ती राष्ट्रीय प्रकल्पाची सोय. खासगी कारखान्याने त्या भरवशावर राहू नये.

एअरशिपची खरी गोम माल उतरवताना कळते. साठ टन खाली गेले की तेवढं वजन लगेच परत चढवावं लागतं, नाहीतर ती वर झेपावणार. म्हणजे साइटवर साठ हजार लिटर पाणी किंवा तेवढंच दुसरं ओझं हवं. जिथे रस्ताच नाही तिथे ते कुठून आणायचं? शिवाय समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो उचलतं. लेहच्या ३५०० मीटरवर हवा विरळ, त्यामुळे उचल जवळपास तीस टक्के घटते.

वाऱ्याचं भय वेगळंच, आणि आजवरचा अनुभवही धीर देणारा नाही. ब्रिटनची एअरलँडर-१० ऑगस्ट २०१६ मध्ये दुसऱ्याच उड्डाणात नाकावर उतरली, नोव्हेंबर २०१७ मध्ये खुंट्यावरून सुटून कोसळली. १६० टनांचं स्वप्न दाखवणारी जर्मन कंपनी कार्गोलिफ्टर २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या हँगरमध्ये आता वॉटर पार्क आहे.

तेव्हा नग सुटा करता येत असेल तर डिझाइनवाल्यांना आजच गाठा: वीस टनांच्या आतले भाग केले तर साधा ट्रेलरही पुरतो. नसेल होत, तर पावसाळा सरताच रूट सर्व्हे लावा आणि पुलांची परवानगी आधी मागा. एअरशिपवाल्यांना कोटेशन विचारायचंच असेल तर दोन आकडे लेखी घ्या: साइटच्या उंचीवर किती टन, आणि किती वाऱ्यात उड्डाण रद्द.