कागदावर २२ टक्के प्रथिनं, गोणीत युरिया

दुभती जनावरं असणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं. आमच्या गोठ्यातली दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय युरिया मिसळलेल्या पशुखाद्यानं गेली.

तालुक्याच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं भरड्याचं पशुखाद्य दिलं. नेहमीच्यापेक्षा गोणीमागे बरंच स्वस्त. आम्ही तपासणीचा अहवाल मागितला, त्यानं लगेच काढून दिला. प्रथिनं २२ टक्के. आणि तो अहवाल खोटा नव्हता! खरी मेख तिथंच आहे.

प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे १०० किलो भुशा-कोंड्यात ३ किलो युरिया टाकला की कागदावर प्रथिनं आठेक टक्क्यांनी वाढतात. प्रथिनांसाठी घालायची सरकी पेंड महाग, आणि अनुदानाच्या युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास. नफा कुणाच्या खिशात गेला ते उघड आहे.

युरिया मुळातच विष आहे असं नाही. गाईच्या कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःची प्रथिनं बनवतात. पण त्यासाठी प्रमाण बेताचं लागतं, हळूहळू सवय लागते आणि सोबत धान्याचा भरडा लागतो. एकदम जास्त गेला तर अमोनिया रक्तात उतरतो, यकृताला तो आवरत नाही.

सुरुवातीला रवंथ कमी झालं, शेण पातळ झालं, डेअरीवर फॅट घसरलं. आम्हाला वाटलं हिरवा चारा बदलल्यामुळे असेल. मग एका सकाळी दावणीत खाद्य टाकून धारा काढेपर्यंत ही गाय थरथरायला लागली. तोंडाला फेस, डावी कूस टम्म फुगलेली, पाय लटपटत होते. डॉक्टरांनी नळीनं थंड पाणी आणि व्हिनेगर पाजलं. शेजारच्या दावणीची गाय त्यानं वाचली, हिला मात्र उशीर झाला. गोणी उपडी केली तर तळाच्या कोपऱ्यात ओलसर गठळी, फोडल्यावर आत पांढरे दाणे. कारखान्यात असं होत नाही, हे फावड्यानं कालवलेलं काम.

घरी तपासता येतं. काचेच्या बरणीत मूठभर खाद्य, चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी घालून झाकण लावा. अर्ध्या तासानं उघडा. गोठ्यातल्या मुताचा नाकाला झोंबणारा वास आला तर त्यात युरिया आहे. सोयाबीन भाजलेलं नको, भाजल्यावर त्यातलं युरिया फोडून अमोनिया करणारं विकर (एन्झाइम) मरतं. म्हणूनच युरियाच्या खाद्यासोबत जनावराला कच्चं सोयाबीन कधीही घालू नका.

नवीन खाद्य आठवडा-दहा दिवसांत जुन्यात मिसळत वाढवा. पक्कं बिल घ्या, गोणीवरची चिठ्ठी फाडून टाकू नका. जनावर दगावलं तर पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या, त्यांच्यासमोर खाद्याचा नमुना सीलबंद करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आमची दाखल झाली आहे.

तो माल अजून बाजारात आहे, फक्त गोणीवरचा छाप बदललाय. बिल मागितलं की शिल्लक नाही म्हणून सांगतात.