इव्हेंटिंगचा घोडा घ्यायला या दलालाकडे जा, पण डॉक्टर आपला न्या

मुलीसाठी इव्हेंटिंगचा, म्हणजे घोडेस्वारीच्या तीन प्रकारांच्या स्पर्धेचा, घोडा शोधत होतो तर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ज्याला विचारावं तो एकाच माणसाकडे पाठवायचा. रेसमधून निघालेले थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) घ्यायचे, जंपिंग शिकवायचं आणि विकायचे हा त्याचा धंदा, तबेला मुंबईबाहेर. नाव टाकत नाही कारण तक्रारही आहे.

आधी चांगलं. हा माणूस घोडा लपवत नाही. गेलो तेव्हा घोडा तबेल्यातच गार उभा होता, आधी पळवून मोकळा केलेला नव्हता, आणि हे बघायचंच, कारण पाय आखडत असेल तर तो गार असतानाच दिसतो. सईसने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, टणक रस्त्यावर दुडक्या चालीने सरळ पळवला, मग दोन्ही बाजूंना गोल, आणि खोगीर आमच्यासमोर कसलं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) ओढताना घोड्याने कान मागे टाकले तर दलाल स्वतःच म्हणाला, तंगाला जरा नाटकं करतो हा. मुलीला हवं तितकं बसू दिलं, वर उद्या परत या म्हणाला, पायाला सूज येते का बघायला. असं कोण सांगतं हो?

आता खटकलं ते. फोनवर सांगितलं होतं 'इव्हेंटिंगला तयार'. अहो पण इव्हेंटिंग म्हणजे ड्रेसाज (ठरलेल्या चाली करून दाखवणं), क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातले अडथळे) आणि शो जंपिंग (मैदानातले दांडे), तिन्ही एकाच घोड्यावर, आणि याने उडी दाखवली ती फक्त रंगीत दांड्यांवरून. दांडा लागला तर खाली पडतो, क्रॉस कंट्रीचा ओंडका जागचा हलत नाही, शिवाय खड्डा असतो, पाणी असतं. विचारलं तर 'मॅडम, सगळं करतो'. गेटपाशी पावसाचं डबकं होतं, म्हटलं यातून न्या. घोडा फुरफुरला, मागे सरला, शेवटी दुसरा घोडा पुढे घातला तेव्हा त्याच्या मागून गेला. बाळ घोडा आहे, शिकेल, त्याचं काही नाही हो, पण मग पैसे तयार घोड्याचे कशाला?

घोडा तपासणारा डॉक्टरही त्याचाच. आम्ही आपला नेला तर तोंड पाडलं. रेसचे घोडे दोन वर्षांचे असल्यापासून पळतात, म्हणून पुढच्या पायांच्या टेंडनची (कंडरांची) सोनोग्राफी, सांध्यांचे एक्स-रे, फ्लेक्शन टेस्ट (पाय थोडा वेळ दुमडून धरून लगेच पळवायचा, लंगडतो का बघायला), आणि पेनकिलर देऊन उभा केलाय का कळायला रक्त, एवढं कराच. घोड्याच्या पासपोर्टवरच्या खुणा आणि मायक्रोचिप जुळवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा रिपोर्ट नसेल तर घोडा हलवूच नका, तो रोग माणसालाही होतो.

आपला घोडेस्वार फवाद मिर्झाने २०१८ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये इव्हेंटिंगचं सिल्व्हर आणल्यापासून सगळ्यांना इव्हेंटिंगच हवंय, पण त्याचा घोडा मेडिकॉट जर्मनीत पैदास झालेला, रेसमधून निघालेल्या थरोब्रेडशी त्याची तुलना करून भाव सांगणाऱ्याला हसून सोडा.

डबक्यामुळे भाव बराच उतरला, घोडा घेतला. पाचपैकी साडेतीन स्टार. मुंबईचा रेस सीझन एप्रिलच्या आसपास संपतो, तेव्हा जा, चॉईस जास्त असतो. कमिशन दोन्हीकडून घेतो, आकडा आधी लेखी घ्या. आणि चहाच्या वेळेला सईसकाकांशी बोला, कुठला घोडा कधी लंगडत होता ते दलालापेक्षा त्यांना जास्त आठवतं.