ताप आलेल्या मुलाची कोणती तपासणी करावी: सीबीसी, सीआरपी की लघवी?

पाच वर्षांखालच्या मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. पण ताप १०३ वर गेला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, 'आता अँटिबायोटिक द्याच.' तापाचा आकडा, शेंबडाचा हिरवा रंग, पॅरासिटामॉलने ताप उतरणं-न उतरणं, यांपैकी कशावरूनही विषाणू की जिवाणू ते ठरत नाही.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, स्वस्त आहे, गावोगावी होते. पांढऱ्या पेशी वाढल्या की जिवाणूंचा संशय येतो खरा, पण विषाणूच्या तापातही त्या वाढू शकतात. उलट टायफॉइड जिवाणूंचा, तरी त्यात पेशी बरेचदा नॉर्मल किंवा कमीच. मग ती करायची कशाला? डेंगीसाठी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरताना तिथेच दिसतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर मी ती टाळणार नाही.

जिवाणूंच्या बाबतीत सीआरपी, म्हणजे संसर्ग झाला की रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी, जास्त भरवशाची, पण वेळ साधली तरच. हे प्रथिन वाढायला सहा ते बारा तास लागतात आणि कळस गाठायला साधारण दोन दिवस. सकाळी ताप आला आणि दुपारी सीआरपी केली, तर नॉर्मल रिपोर्टवर विसंबता येत नाही. लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर गंभीर जिवाणूसंसर्गाची शक्यता कमी होते. ८० च्या वर गेली तर डॉक्टर कसून शोध घेतात. मधल्या आकड्यांत मूल कसं दिसतंय तेच महत्त्वाचं. अ‍ॅडिनोव्हायरस हा विषाणू मात्र जिवाणू नसतानाही सीआरपी भरपूर चढवू शकतो. रिपोर्टवर एककही बघा: काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथले ४ म्हणजे इथले ४०.

लघवीची तपासणी सगळ्यात दुर्लक्षित. दोन वर्षांखालचं मूल 'जळजळतंय' सांगू शकत नाही. लघवीच्या जंतुसंसर्गात बरेचदा ताप हेच एकमेव लक्षण असतं, मुलींमध्ये विशेष. कल्चरचा (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायचा. चिकटपिशवीतल्या नमुन्यात बाहेरचे जंतू येतात, कल्चरला तो चालत नाही.

(पहिल्या आठवड्यात विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्तचाचणी, करू नका. टायफॉइडचा संशय असेल तर ब्लड कल्चर.)

माझी निवड अशी: नाक वाहतंय, घरात आणखी कोणी शिंकतंय आणि ताप उतरला की पोर खेळतंय, तर पहिले दोन दिवस एकही तपासणी नको. तापाचं कारणच सापडत नसेल तर आधी लघवी, मग सीबीसी आणि सीआरपी एकाच सुईत.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप, ताठ मान, झटका, दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके, पाणीसुद्धा न घेणं, उठवूनही न उठणं, यांत लॅब शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. श्वासाचंही तसंच: दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे न्यूमोनियाची शंका. मोजायचा तो मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट.